हे पाचारण आहे की लग्नापासूनची पळवाट?

वसईची लेक

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी वसईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वाढलेली २७ वर्षांची कॅथलिक मुलगी असून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर एका पतपेढीत नोकरी करते. व्रतस्थ जीवन स्वीकारावे, साध्या भाषेत सांगायचे तर सिस्टर व्हावे, हा विचार माझ्या मनात बऱ्याच वर्षांपासून येतो-जातो. परंतु मागच्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळापासून, तो येतो आणि जात नाही, अशी अवस्था झाली आहे. घरी विषय काढला तेव्हा आई रडली, बाबा काहीच बोलले नाहीत आणि मावशीने एका वाक्यात निकाल दिला : "स्थळे येऊ लागली, तेव्हाच बरा हिला मठ आठवला."

मावशीचे बोलणे मला लागले, कारण ते साफ खोटे आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्थळे येऊ लागणे आणि हा विचार बळावणे या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या. त्यांपैकी एका मुलाला मी भेटले. मुलगा सालस होता, घरची माणसे चांगली होती, नाव ठेवायला जागा नव्हती. तरीही परत येताना मला आनंद झाला नाही, आणि नकार कळवल्यावर अपराधी वाटण्याऐवजी हलके वाटले. हे हलकेपण देवाकडून आले होते की एक अवघड निर्णय टळल्याचे ते समाधान होते, हे मला ओळखता येत नाही. लग्नाचा मला तिटकारा नाही. चुलतबहिणीचे बाळ मांडीवर घेतले की खाली ठेववत नाही, हेही प्रांजळपणे सांगते.

दुसरी अडचण प्रार्थनेची आहे. एका रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेल्या भाकरीच्या, आराधनेच्या वेळी मला जी खात्री वाटली होती, ती आता वाटत नाही. सकाळच्या मिस्सेनंतर मी थोडा वेळ देवळात बसून राहते, तेव्हा डोक्यात घोळतात ते पतपेढीतले थकीत हप्ते आणि भावाची फी. त्या भावाच्या अभियांत्रिकीच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे, हीसुद्धा एक अडचणच. शिवाय सिस्टरांच्या कोणत्या संघात जावे, हेही ठरत नाही. कधी कार्मेलसारख्या एकांतवासी मठाची ओढ वाटते, तर कधी रुग्णसेवा करणाऱ्या सिस्टरांकडे पाहून वाटते की आपली जागा इथे आहे.

ही ओढ पाचारणाची, म्हणजे देवाच्या हाकेची, आहे की पळवाटेची, हे पारखायचे कसे आणि त्यासाठी प्रथम कोणाकडे जायचे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. "प्रार्थना कर, सगळे ठीक होईल" एवढेच उत्तर कृपया नको. प्रार्थना चालूच आहे.

निवृत्त प्रशिक्षिका

प्रिय मुली,

मी स्वतः व्रतस्थ असून माझ्या आयुष्याची बरीच वर्षे नोव्हिशिएटमधील, म्हणजे व्रते घेण्यापूर्वीच्या तयारीच्या काळातील, मुलींच्या प्रशिक्षणात गेली. तुझ्या मावशीचा आक्षेप मी पहिल्यांदा ऐकते आहे असे नाही, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे : ज्या मुलीला खरे पाचारण असते, तिचा हेतू सुरुवातीपासून निर्मळ असतो, हे ते गृहीतक. अशी मुलगी माझ्या पाहण्यात आलेली नाही. आविलाच्या संत तेरेजा १५३५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी मठात गेल्या; त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की तो निर्णय घेताना देवावरील प्रेमापेक्षा नरकाच्या भयाचाच जोर अधिक होता, आणि वडिलांचे घर सोडताना आपल्या शरीरातील हाडन् हाड निखळते आहे असे वाटले. पुढे त्याच तेरेजांनी कार्मेल संघात सुधारणा घडवली. हेतू सरमिसळीचा असणे हा पाचारणाविरुद्धचा पुरावा नव्हे. तो हेतू वर्षानुवर्षे गाळला जातो की तसाच गढूळ राहतो, हे पाहावे लागते.

तरीही पळवाट असू शकते, आणि ती ओळखण्यासाठी मी मुलींना एक प्रश्न विचारत असे, तो तुलाही विचारते. समजा, उद्या आई-बाबांनी सांगितले की तुझ्या लग्नाचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. तू नोकरी कर, आपल्या खोलीत राहा, हवे तसे जग. ते ऐकल्यावर सिस्टर होण्याची इच्छा तुझ्यात उरते का? काही मुलींच्या चेहऱ्यावर या प्रश्नाने एकदम सुटका दिसते, आणि मग मठाचा विषय त्या स्वतःहून काढत नाहीत. काही मुलींना मात्र हे ऐकून चक्क रिकामे वाटते. उत्तर मला कळवण्याची गरज नाही. तुझे तुला कळले म्हणजे झाले.

तुझ्या त्या 'हलकेपणा'विषयी. संत इग्नेशियस लोयोला १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत पायावर तोफगोळा लागून महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले होते. त्या काळात ते दोन प्रकारची दिवास्वप्ने पाहत : एक शौर्याची आणि एका थोर स्त्रीच्या सेवेची, दुसरी संतांप्रमाणे जगण्याची. दोन्ही स्वप्ने चालू असताना सारखीच गोड वाटत. फरक पडे तो नंतर. पहिली ओसरल्यावर मन कोरडे आणि उदास होई, तर दुसरी ओसरल्यावरही समाधान टिकून राही. पारख म्हणून आपण जे काही शिकवतो, त्याचे मूळ या एवढ्याशा निरीक्षणात आहे. तेव्हा नकार कळवल्याच्या संध्याकाळी तुला काय वाटले, याला मी फारसे महत्त्व देणार नाही. महिन्याभराने काय उरले होते, ते आठव. संकट टळल्याचे सुख चार दिवसांत विरते आणि पुढचे स्थळ आले की पोटात पुन्हा गोळा येतो. शांती असेल तर ती पुढच्या स्थळाच्या बातमीनेही फारशी ढळत नाही.

कोरड्या प्रार्थनेने मात्र घाबरून जाऊ नकोस. इग्नेशियस यांचाच नियम आहे की मन विषण्ण असताना आधी केलेला निश्चय बदलू नये; त्याच्याच जोडीला, उत्साहाच्या भरात घाईने शपथा वाहू नयेत, असेही ते बजावतात. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत गरिबांसाठी बाहेर पडण्याची हाक आली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या कामाला आरंभ झाल्यावर त्यांच्या प्रार्थनेत कित्येक वर्षे अंधार होता, हे २००७ मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले. देवळात बसून तुला थकीत हप्ते आठवत असतील, तर त्या हप्त्यांविषयीच देवाशी बोल. तुझ्या आयुष्यात सध्या तेच आहे, आणि मठात गेल्यावरही प्रार्थनेच्या वेळी वसतिगृहाचे धान्य संपल्याचे आठवणारच आहे.

माझ्या अनुभवात अधिक बोलकी ठरलेली कसोटी वेगळीच आहे. स्वतःला सिस्टर म्हणून कल्पितेस तेव्हा डोळ्यांसमोर काय येते? झगा, वेदी, मेणबत्त्या, शांतता एवढेच येत असेल तर सावध राहा. आमच्या जीवनाचा मोठा भाग अशा बायकांबरोबर जातो ज्यांची निवड आपण केलेली नसते. पहाटे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कांदे चिरताना शेजारच्या सिस्टरशी कालच झालेला खटका गिळावा लागतो, आणि अर्ध्या तासाने तिच्याच शेजारी उभे राहून स्तोत्रे म्हणावी लागतात. एका गावी जीव रमतो न रमतो तोच बदलीचे पत्र येते. ब्रह्मचर्याच्या व्रताची बाहेरच्यांना मोठी धास्ती वाटते. पण आमच्यापैकी बहुतेकींना कस लावते ते आज्ञाधारकपणाचे व्रत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्गदर्शन घेताना आधी अशा व्यक्तीकडे जा जिला तुझ्या 'हो' म्हणण्यात काही लाभ नाही. संघांच्या व्होकेशन प्रमोटर, म्हणजे नव्या मुलींना संघाकडे आणणाऱ्या, सिस्टर मनाने चांगल्याच असतात. तथापि आजकाल घरात एक-दोनच मुले असल्याने मुली कमी येतात, आणि नकळत का होईना त्यांचे पारडे एका बाजूला झुकते. साधना देणाऱ्याने साधकाला कोणत्याच बाजूला ढकलू नये, देव आणि साधक यांच्यामध्ये लुडबुड करू नये, हेही इग्नेशियस यांनी लिहून ठेवले आहे. असा एखादा धर्मगुरू, सिस्टर किंवा जाणती प्रापंचिक व्यक्ती शोध आणि निदान वर्षभर तिच्याकडे नियमाने जा.

पूर्वाश्रमीची सिस्टर

मी तात्पुरती व्रते घेऊन काही वर्षे एका संघात होते आणि व्रतांची मुदत संपल्यावर ती पुन्हा न घेता बाहेर पडले. आता पुण्यात शिक्षिका आहे. माझ्या जाण्याचे मला दुःख नाही आणि येण्याचेही नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे लिहिणे कडवटपणातून आले आहे असा समज होणार नाही.

आदरणीय सिस्टरांनी जे लिहिले ते सर्व मान्य आहे. परंतु या विषयावरचे सारे बोलणे मुलीच्या मनाभोवती फिरते : तिला हाक आली का, तिचा हेतू शुद्ध आहे का, ती पात्र आहे का. ज्या संघात ती जाणार त्या संघाची पारख कोणी करायची? ताई, तीही तुम्हालाच करायची आहे, आणि त्यात देवावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही.

संघ पाहायला बोलावणाऱ्या 'कम अँड सी' शिबिरात तुम्हाला गाणी, खेळ आणि हसऱ्या सिस्टर दिसतील. शिबिर नसताना जा. शक्य असेल तर आठवडाभर राहा आणि कामाला हात लावा. जेवणाच्या टेबलावर नसलेल्या सिस्टरविषयी कसे बोलले जाते, ते ऐका. म्हाताऱ्या आणि आजारी सिस्टर कुठे राहतात, त्यांच्या खोलीत कोण जाते-येते, हे पाहा. संघाचे खरे रूप तिथे दिसते. जी मुलगी सोडून गेली तिचे नाव तिथे घेतले जाते का, आणि घेतले तर कोणत्या स्वरात, हे जरूर विचारा. आमच्या घरात सोडून गेलेल्या मुलीचा गटफोटोसुद्धा भिंतीवरून उतरत असे. त्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता असे मी म्हणत नाही, पण तुम्ही पाहाल तेव्हा विचार करा.

आणखी एक विषय आहे, जो आपल्या लोकांत दबक्या आवाजात बोलला जातो. धर्मगुरूंकडून सिस्टरांचे शोषण झाल्याचे प्रकार घडले आहेत, हे पोप फ्रान्सिस यांनी ५ फेब्रुवारी २०१९ रोजी विमानात पत्रकारांसमोर मान्य केले. म्हणून संघाला थेट विचारा की एखाद्या सिस्टरला तक्रार करायची असेल तर ती कोणाकडे करते, आणि पापनिवेदनासाठी व आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी व्यक्ती निवडण्याचे स्वातंत्र्य तिला आहे का. ख्रिस्तसभेच्या कायद्याने ते स्वातंत्र्य दिलेले आहे. वरिष्ठांनी कोणा सिस्टरला आपले अंतःकरण उघडे करण्यास भाग पाडू नये, असेही त्यात म्हटले आहे. या प्रश्नाने ज्या घरातील वरिष्ठांना राग येतो, त्या घरी पुन्हा जाऊ नये.

पैशांचेही बोलते. सिस्टर शाळेत शिकवते तेव्हा तिचा पगार संघाचा होतो. (त्या पगारातून प्राप्तिकर कापला जावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, त्याची बरीच चर्चा झाली.) बाहेर पडणारीला केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क ख्रिस्तसभेच्या कायद्याने नाही, मात्र संघाने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे, असे तोच कायदा सांगतो. काही संघ हे फार चांगले पाळतात. मी बाहेर आले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, दोन पंजाबी ड्रेस आणि बी.एड.चे प्रमाणपत्र होते. त्या प्रमाणपत्राने मला तारले, म्हणून आपली मूळ कागदपत्रे कुठे ठेवली जातात, याची चौकशी करायला लाजू नका. गावात काही काळ मला 'मोडून आलेली' म्हणत. कोणाची सोयरीक मोडली होती, हे मी कधी विचारले नाही.

धर्मशिक्षक

इतकी चिकित्सा पाहून आश्चर्य वाटले. पेत्र आणि आंद्रेय जाळी टाकून तत्काळ निघाले. त्यांनी जेवणाच्या टेबलावरचे बोलणे ऐकले नाही. "नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवाच्या राज्यास योग्य नाही," असे प्रभूने म्हटले आहे. कर्ज, नोकरी, आईचे अश्रू ही सर्व मागे ओढणारी बंधने आहेत. मुली, हाक आली असेल तर ऊठ आणि जा. भावाचे देव पाहील.

कॅनन लॉचा विद्यार्थी

मी धर्मगुरू असून कॅनन लॉ, म्हणजे ख्रिस्तसभेची कायदासंहिता, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. वरील बंधूंच्या तळमळीचा आदर राखून सांगतो की ख्रिस्तसभेला इतकी घाई नाही. ज्या लूककृत शुभवर्तमानात नांगराचे वचन आहे, त्याच शुभवर्तमानात, बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असेही प्रभूने सांगितले आहे. आणि भावाचे कर्ज 'देव पाहील' असे म्हणून नोव्हिशिएटमध्ये जाता येत नाही : ज्या व्यक्तीवर फेडता न येणारे कर्ज आहे तिला वरिष्ठांनी प्रवेश देऊ नये, असे १९८३च्या संहितेचे ६४४वे कलम स्पष्टपणे सांगते. या भगिनीच्या सहीचा प्रश्न त्यामुळे आध्यात्मिक नसून व्यवहाराचा आहे आणि तो व्यवहारानेच सोडवावा लागेल.

मुलीवर जबरदस्ती होऊ नये, याची काळजी तर आपल्याकडे फार जुनी आहे. मुलींना त्यांच्या इच्छेविरुद्ध मठात ढकलणाऱ्यांना ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बहिष्काराची शिक्षा ठरवली, आणि व्रते घेण्यापूर्वी मुलीची इच्छा मोकळी आहे की नाही याची चौकशी बिशपांनी करावी, असेही ठरवले. त्या काळी युरोपात हुंडा वाचवण्यासाठी मुलींना मठात पाठवणारी घराणी होती, हे त्यामागचे कारण. आजच्या संहितेत २१९वे कलम आहे : जीवनाचा मार्ग निवडताना प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती सर्व सक्तीपासून मुक्त असली पाहिजे. सक्ती दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे मात्र पालकांनी ध्यानात घ्यावे. मठात ढकलणे ही जशी सक्ती, तशीच आईने जेवण सोडून मुलीला मठात जाण्यापासून अडवणे हीसुद्धा.

प्रशिक्षणाच्या टप्प्यांकडेही थोडे पाहा, कारण सारा निर्णय आजच एकटीने करायचा आहे अशा समजुतीने तुम्ही धास्तावलेल्या दिसता. प्रवेशपूर्व काळ प्रत्येक संघ आपल्या नियमांप्रमाणे ठरवतो. त्यानंतरचे नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचे असते आणि मुदतवाढ धरली नाही तर दोन वर्षांहून अधिक नसते. त्या काळात मुलगी केव्हाही निघून जाऊ शकते आणि संघही तिला परत पाठवू शकतो. मग तात्पुरती व्रते, किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षांची, आणि क्वचित ती नऊ वर्षांपर्यंत वाढवता येतात. नित्य, म्हणजे आयुष्यभराची, व्रते त्यानंतर. म्हणजे आज घरातून निघालेली मुलगी शेवटचा 'हो' म्हणेपर्यंत पाच-सहा वर्षे तरी सहज जातात, आणि त्या साऱ्या काळात ती संघाला पारखत असते व संघ तिला. आपल्याला पाचारण आहे, असे एकट्या मुलीने ठरवून ते सिद्ध होत नाही. संघानेही तिला स्वीकारावे लागते. आरोग्य, स्वभाव आणि प्रगल्भता पाहूनच प्रवेश द्यावा, असा वरिष्ठांना आदेश आहे. तेव्हा आजच्या घडीला तुम्हाला पहिले दार ठोठवावे की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

बागायतदार

नमस्कार. मी वसईचा शेतकरी आहे. माझी मोठी मुलगी सिस्टर आहे आणि सध्या मध्य भारतातील एका आदिवासी भागात दवाखाना चालवते. विद्वान मंडळींनी लिहिल्यानंतर मी काय लिहावे, असे वाटले होते. पण या मुलीने लिहिले आहे की बाबा काहीच बोलले नाहीत, ते वाचून राहवले नाही.

बाळ, बाप गप्प बसतो तेव्हा तो नेहमी विरोधातच असतो असे नाही. माझ्या मुलीने सांगितले तेव्हा मी केळीच्या बागेत पाणी सोडायला निघून गेलो आणि रात्री उशिरापर्यंत घरी आलो नाही. तिच्या लग्नासाठी आम्ही दोघांनी थोडे-थोडे करून सोने जमवले होते, ते कपाटात होते. माझ्या डोक्यात तेच फिरत होते, की या सोन्याचे आता काय करायचे. ऐकायला हास्यास्पद वाटेल. बापाला मोठ्या गोष्टीचे दुःख एकदम करता येत नाही, म्हणून तो लहान गोष्ट धरून बसतो. तुझ्या बाबांना पुन्हा एकदा विचार, पण आई समोर नसताना आणि काहीतरी काम चालू असताना विचार. समोरासमोर बसवून विचारलेस तर ते पुन्हा गप्प होतील.

मठाच्या नियमांत घरी येण्याच्या सुट्टीचे काय आहे, हे आधी विचारून घे आणि घरच्यांना स्पष्ट सांग. आमच्या मुलीची आई आजारी पडली तेव्हा तिला येण्याची परवानगी मिळाली, पण ती मिळेल की नाही या चिंतेत आम्ही दोन रात्री काढल्या. जमिनीचेही लोक काहीबाही सांगतात. मुलगी मठात गेली म्हणून तिचा वाटा जातो, असे काही नाही. भारतीय वारसा कायदा १९२५प्रमाणे ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि नित्य व्रते घेण्याआधी तिला मृत्युपत्र करावे लागते. माझ्या मुलीने आपला वाटा भावाच्या नावे केला. तो तिचा निर्णय होता, आम्ही सुचवला नव्हता.

आणि कोणत्या संघात जावे हे कळत नाही, म्हणून कष्टी होऊ नकोस. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांबरोबर (जेज्विटांबरोबर) लहान वयात जपानला गेला, त्यांच्याबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबला आणि संघात घ्यावे म्हणून वाट पाहत राहिला. त्यांनी काही घेतले नाही. मग तो व्यापारी झाला, चांगला पैसा मिळवला आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला तो क्रुसावर गेला. आपण दरवर्षी त्याचा सण करतो, प्रवचनात हौतात्म्याचे वर्णन ऐकतो; मधल्या त्या नकाराविषयी आणि व्यापाराच्या वर्षांविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला तोच भाग जवळचा वाटतो.

वसईची लेक

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. सिस्टरांनी विचारलेला प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. लग्नाचा विषय कायमचा मिटला अशी कल्पना केली, तेव्हा आधी सुटका वाटली हे खरे आहे. पण दोन-तीन दिवसांनी जाणवले की इच्छा जिथे होती तिथेच आहे, उलट तिच्याभोवतीचा कलकलाट कमी झाल्याने ती अधिक स्पष्ट दिसते आहे. हा अंतिम निकाल नव्हे, हे मला समजते. बाबांशी रविवारी बोलले. ते म्हणाले, "भावाचे शिक्षण पुरे होईपर्यंत थांबशील का?" नाही म्हणाले नाहीत.

आता एकच विचारायचे राहिले. एकांतवासी मठ आणि सेवाकार्य करणारा संघ यांत निवड करताना काय पाहावे? आणि दोन्ही जमले नाही, तर प्रपंचात राहून देवाला वाहून घेण्याचा काही मार्ग आहे का?

निवृत्त प्रशिक्षिका

मार्ग आहे. पवित्र कुमारिकांचा प्राचीन विधी ख्रिस्तसभेने १९७० साली पुन्हा सुरू केला. त्यात स्त्री आपल्या घरी राहते, नोकरी करते आणि बिशपांच्या हस्ते तिचे समर्पण होते. १९४७ साली मान्यता मिळालेल्या सेक्युलर इन्स्टिट्यूट या प्रकारातही सभासद समाजात राहून व्रते पाळतात. मात्र हे मार्ग 'मठ जमला नाही म्हणून' धरायचे नसतात. त्यांचे स्वतंत्र पाचारण असते आणि तिथेही पारख तितकीच कडक होते.

एकांतवासाची ओढ तपासताना एक पाहा : ती दमल्यावर वाटते की ताजेतवाने असताना? पतपेढीत मार्चअखेरचा धबडगा उरकून आलेल्या कोणालाही कार्मेलची शांतता हवीशी वाटेल. त्या मठात शांततेइतकेच कष्ट असतात, आणि त्याच थोड्या भगिनींबरोबर तीच चार भिंतींची चौकट आयुष्यभर असते. २०१८च्या नियमांनुसार एकांतवासी मठांतील प्रारंभीचे प्रशिक्षण किमान नऊ वर्षांचे असते, ते उगाच नव्हे. रुग्णसेवेकडे ओढ असेल तर सुट्टीच्या दिवशी एखाद्या रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात जाऊन प्रत्यक्ष काम कर. रुग्णाचे अंग पुसताना आणि त्याच्या नातेवाइकांचा राग सोसताना तुझ्यात काय होते, ते मार्गदर्शकाला सांग. दोन्ही ठिकाणी राहून आल्याशिवाय निवड करू नकोस.

बाबांनी घातलेली अट मला वाजवी वाटते, पण तिला तारीख असू दे. शिक्षण संपणे आणि कर्ज फिटणे यांत बरीच वर्षे जाऊ शकतात, आणि पुढे धाकट्यांचे आणखी काही निघते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. भावाला नोकरी लागल्यावर हप्ते तो भरेल आणि सहकर्जदार म्हणून तुझ्या जागी बाबांचे किंवा दुसऱ्या कोणाचे नाव लागू शकते का, हे बँकेत जाऊन विचार. तू स्वतः पतपेढीत आहेस, तुला हे माझ्यापेक्षा अधिक कळते. तोवर स्नानसंस्काराचा, दृढीकरणाचा आणि अविवाहित असल्याचा दाखला धर्मग्रामाच्या कार्यालयातून मिळवून ठेव. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे का, तेही पाहून घे. आमच्याकडे निम्म्या मुलींचे अर्ज त्यावरच अडत असत.